खोताच्या अंगणासमोरची तीस पावलं

"पोर धावताना पण मर्यादा विसरत नाय. बापाचं वळण हाय."

खोत ओटीवरून म्हणाला. ओटीवरचे सगळे हसले. शर्यत हरून मी बापाबरोबर घरी चालले होते. बाप वहाणा हातात धरून, मान खाली घालून उभा राहिला. तोही हसला. म्हणाला, "व्हय मालक."

ते हसणं अजून माझ्या उरात रुतलंय.

आमचं गाव उमरठच्या वाटेवर. मी आठवीत होते. शाळेतून बांधावरून निघायचं, नदीवरच्या साकवाला हात लावून गावातल्या रस्त्याने परत यायचं. पहिली येईल ती अलिबागला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार. तिथे नंबर आला तर वसतिगृह आणि पुढचं शिक्षण. नाहीतर आईसारखी खोताच्या शेतात लावणीला.

खेळाचे सर महाडचे. त्यांनी महिनाभर मला शिकवलं. मी टाचा आपटत, मुठी आवळून धावायची. सर म्हणायचे, "पाऊल अंगाखाली पडू दे. खांदे सैल सोड. कोपर अंगाजवळ. मान वर, नजर पुढे." सगळं जमलं मला. मानेचंही जमलं, पण ते शाळेच्या मैदानावर.

शर्यतीत परत येताना मी पुढे होते. दुसरी मुलगी कुठल्या कुठे मागे. मग खोताचं अंगण आलं. बौद्धवाडीतल्या माणसाने तिथून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, मान खाली घालायची, सावकाश जायचं. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्या पायांना मात्र पाठ होतं. कुंपणापाशी बाप काम करत होता. मला येताना बघून तो घाबरला, ओरडला, "बाय, मान खाली घाल गो! हळू!"

आणि मी चालायला लागले. भर शर्यतीत. तीस पावलं. दुसरी मुलगी बाजूने निघून गेली.

सर म्हणाले, "दम कमी पडला. पुढच्या वर्षी वाढवू." त्यांना काय सांगणार? दम भरपूर होता हो.

माझा आजा महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला चालत गेला होता. ओंजळ भरून प्यायला, त्यापायी डोकं फोडून घेतलं. त्याच्या पोटचा पोर खोतापुढे वहाणा हातात घेतो. आणि त्याची नात शर्यतीत चालते. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या अंगणासमोरून धावले. मान वर ठेवून. चार दिवसांत खोताने बापाला बोलावून दम दिला. बाप घरी आला आणि त्याने माझ्यापुढे हात जोडले.

"बाय, पाया पडतो तुझ्या. मला तिथं राबायचं हाय."

जन्मभर खोतापुढे जोडलेले हात. आता माझ्यापुढे. माझं काळीज फाटलं. तरी मी म्हटलं, "नाय."

पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत. पुन्हा तेच अंगण. बाप कुंपणापाशीच होता. मला येताना बघितलं आणि त्याने रस्त्याकडे पाठ केली. मला थांबून त्याला मिठी मारावीशी वाटली. पण मी नजर पुढे ठेवली, सरांनी शिकवलं तशी.

पहिली आले. घरी पेढा नेला. बापाने तो हातात घेतला नाही. अलिबागलाही नंबर आला, पुढे वसतिगृहात राहिले, तिथेही तो कधी आला नाही. मी धावताना त्याने एकदाही मला बघितलं नाही. तसाच गेला.

आता त्याच शाळेत खेळाची बाई मी आहे. धावायला नवीन मुलं येतात. हात, पाय, श्वास सगळं नंतर शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना त्या अंगणासमोरून पळवते. ज्याची मान खाली जाईल त्याला मागे पाठवते, पुन्हा पळवते. दहादा लागलं तर दहादा. ओटीवरून अजून कुणीतरी बघत असतं. बघू दे. माझ्या बापाची मान मला वर करता आली नाही. ह्यातल्या एकाचीही मी खाली जाऊ देणार नाही.