पोकळ की भरीव?

आमच्या डेल्फीत देवळाच्या चढावर एक रिकामा दगडी चौथरा आहे. इराण्यांना हरवल्यावर ग्रीकांनी तिथे काशाचा खांब उभारला होता, तीन साप एकमेकांना वेटोळे घालून वर चढलेले. पुढे रोमच्या एका सम्राटाने तो उचलून आपल्या नव्या राजधानीत, म्हणजे आजच्या इस्तंबूलला नेला. त्या चौथऱ्याभोवतीचं गवत काढायचं काम माझी शेजारीण असिमिना करायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आणि तोंड गप्प बसायचं नाही.

तिला एकच प्रश्न छळायचा. "भरीव असता तर एवढ्या लांब नेला कसा गं?"

"त्यांच्या बैलांना विचार," मी म्हणायचे.

चर्चची बस इस्तंबूलला निघाली तेव्हा तिने मलाही ओढलं. बाकीच्या बायका बाजारात शिरल्या. ही थेट रथांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानात, खांब तिथेच होता. खांब खड्ड्यात उभा, भोवती कठडा, सापांची डोकी गायब. असिमिना इतकी वाकली की पहारेकरी धावत आला.

"अहो बाई, पडाल!"

तिची आई तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून निर्वासित होऊन आलेली, त्यामुळे तिला मोडकंतोडकं तुर्की यायचं. "पडले तर काढाल की! आधी सांगा, हा पोकळ की भरीव?"

पहारेकऱ्याचं नाव जेव्देत. पिकल्या मिशांत तो हसला. "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." इकडेतिकडे बघून तो खाली उतरला आणि बोटाने खांबावर टकटक केलं. आवाज आत घुमला.

"पोकळ!" असिमिनाने टाळीच वाजवली.

"आता माझा प्रश्न," वर येत जेव्देत म्हणाला. "तिकडे असताना याला काय दिसायचं?"

असिमिनाने इतकी वर्षं गवत काढलं, ते दरीकडे पाठ करूनच.

"बघून कळवते," ती म्हणाली आणि त्याचा पत्ता मागून घेतला.

घरी परतल्यावर ती चौथऱ्याला टेकून सकाळभर बसली. खाली समुद्रापर्यंत जैतुनाची झाडं, वर घारी. तिने त्याला एवढंच कळवलं, "सांगता येत नाही. या."

वसंतात तो बायकोला घेऊन आला. बराच वेळ दरीकडे बघत राहिला. जेवायला असिमिनाकडेच होते, तिथे नवा वाद निघाला.

"डोकी समुद्राकडे वळलेली असणार," असिमिना म्हणाली.

"तिन्ही एकीकडेच कशाला बघतील?" जेव्देत म्हणाला.

"मग तिसरं कुठे बघत होतं?"

"आधी जेवा," जेव्देतची बायको म्हणाली.