डमीने बोलायचं नसतं

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, दवाखान्यात औषधं द्यायच्या. निवृत्त झाल्या तरी तोलून-मापून देणं सुटलं नाही. चहात साखर त्यांच्या मापाने, आणि घरात कोणी किती बोलायचं तेही त्यांच्याच मापाने. मी तोंड उघडलं रे उघडलं की, "तू गप्प बस गं, तुला काय कळतंय!" मला त्या मुळीच आवडत नाहीत. सांगून टाकलं, बरं वाटलं.

पत्त्यांच्या ब्रिजमध्ये जोडीदार म्हणून त्यांच्याशी कोणाचं पटेना, म्हणून त्यांनी मला शिकवलं. बोली अशी लावायच्या की खेळणार त्या आणि पत्ते उघडे मांडून बसणारी डमी मी. "डमीने बोलायचं नसतं," हे वाक्य त्या मला स्वयंपाकघरातही ऐकवायच्या.

आम्ही खेळतो त्या क्लबच्या भिंतीवर स्पर्धेच्या विजेत्यांची पाटी आहे. तिच्यावर नाव लागावं म्हणून वन्संचा जीव टांगणीला लागला होता. यंदा स्पर्धेच्या शेवटच्या डावात त्यांनी स्लॅम बोलला: तेरापैकी बारा हात करायचे, हुकूम इस्पिक. मी पत्ते मांडले. वन्सं आढ्याकडे बघत बेत आखू लागल्या. हातात बदाम एकच. तो डमीच्या एक्क्यावर टाकायचा, मग डमीतले लहान बदाम हुकमाने मारत जायचे, की उरलेले आपोआप मोठे होतात. विरुद्ध जोडीतला गडी जांभई देऊन म्हणाला, "बाई, आज होईल ना?" त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची जांभई अर्धीच राहिली.

एक्का झाला. दुसऱ्या बदामावर त्यांनी हुकूम टाकला. मला शंका आली, चौकटींत एखादा बदाम लपला असणार. चष्म्याने वय दिसतं म्हणून त्या तो पर्समध्येच ठेवतात आणि बदाम-चौकट शेजारी लावतात, दोन्ही लाल.

अशा वेळी डमीला एक प्रश्न विचारायची मुभा असते: "बदाम संपले का?" विचारलं असतं तर हुकूम परत घेऊन बदाम टाकता आला असता. एकच हात गेला असता, बारा झालेच असते. प्रश्न अगदी जिभेवर आला. मी पाण्याचा घोट घेतला.

पुढे चौकटी खेळताना त्यांतून बदामाची तिर्री निघाली. बदाम असताना हुकूम मारला म्हणून पंचांनी दंडाचे दोन हात काढून घेतले. स्लॅम बुडाला, पाटीही गेली.

"अगं, विचारायला काय झालं होतं? वाचा बसली होती तुझी?" वन्सं सगळ्यांदेखत कडाडल्या.

"डमीने बोलायचं नसतं, वन्सं."

घरी आल्यावर चहा मी केला, साखर माझ्या मापाने घातली. वन्संनी तो मुकाट्याने प्यायला.