माया कमी पडली

मंगळवारी सकाळी पोळ्या लाटत होते, तेव्हा धरमपेठच्या एका ग्राहक बाईंचा फोन आला. हसतच म्हणाल्या, "अहो काकू, तो हरवलेला ब्लाउजपीस साडीलाच आहे. तुम्ही कापलाच नव्हता."

त्या हसत होत्या... माझे हात तसेच पिठात राहिले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवायचं काम चालवते. आधी आमचे हे चालवायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, मशिनी त्यांच्याच आहेत. वनिता कटिंग करते, रेखाताई शिवतात, हुक-काज आणि ग्राहक माझ्याकडे. वनिता रोज सावनेरहून बसने येते.

दोन महिन्यांपूर्वी या बाईंनी पिको-फॉलला साडी दिली होती. त्यातलाच पीस कापून ब्लाउज शिवायचा होता. पीस कापून ठेवलाय असं धरून साडी मीच घडी घालून परत दिली, आणि मग पीस शोधत बसले. शेवटी तशाच रंगाचं कापड आणून ब्लाउज शिवून दिला.

कोणाला काही बोलले नाही. पण मनात वनिताचं नाव आलं... का, तर ती नवी होती. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून कापडाच्या कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. दोघींच्या पिशव्या बाहेर खिळ्याला. कटिंगही मीच करायला घेतलं, आणि एकेक ब्लाउज मोजून हातात द्यायला लागले. ह्यांच्या वेळी त्या कपाटाला कुलूप नव्हतंच... मी बाजारातून नवं आणलं.

मी आंघोळीला गेले, बँकेत गेले, की दोघी नुसत्या बसून. लग्नसराईचं काम मागे पडलं. शिवलेले ब्लाउज परत येऊ लागले. घट्ट होतात म्हणून उसवायला घ्यावं, तर आत माया नाही.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, पुढे सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. घाईत कापताना मी ती कमी ठेवत होते. पूर्वी वनिताने लगेच टोकलं असतं. आता मी दिलेलं ती मान खाली घालून शिवायची.

सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते, तेही लिहिते. दहावीनंतर माझं शिक्षण सुटलं, पण लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचते. नेमकं तेव्हा काही देश पुढे का जातात यावरचं एक पुस्तक हाती होतं. माणसांचा एकमेकांवर भरवसा नसला की कामातली ताकद राखण करण्यात जाते, असं त्यात होतं. मला इतकं पटलं की चहाच्या वेळी दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं.

किल्ली कमरेलाच होती. रेखाताई म्हणाल्या, "बरोबर लिहिलं हो." वनिता कपात बघत राहिली. मला काहीच कळलं नाही...

मंगळवारी ती आल्यावर तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पीस साडीतच होता, आणि संशय तुझ्यावर घेतला होता, हेही.

"मले माहीत होतं काकू," ती म्हणाली. "पिशव्या बाहेर टांगल्या ना, त्याच दिवशी समजलं."

"मग बोलली काहून नाही वं?"

"तुम्ही विचारलंच कुठं? विचारलं असतं तर म्हटलं असतं, एकदा साडी खोलून पाहा. पीस साडीलेच राहते."

कपडा कापणाऱ्या बाईला हे पहिल्या दिवशी सुचलं असतं. दोन महिने मी ते उत्तर तिच्या पिशवीसारखं बाहेरच्या खिळ्याला टांगून ठेवलं होतं.

माफी मागितली. कुलूप काढलं, कात्री तिच्या हातात दिली. ती कामाला लागली. पिशवी मात्र अजूनही बाहेरच टांगते... मी आत घे म्हणत नाही. मायाच कापून टाकली असेल तर उसवून काय होणार, हे मला कळतं.

पण आज दुपारी घाईचं म्हणून एक अस्तर मी कापत होते. तिने मशीन थांबवली, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, माया कमी ठेवून राहिल्या तुम्ही."

दोन महिन्यांनी तिने मला टोकलं. मी कात्री खाली ठेवली... आणि खडूने, माया सोडून, पुन्हा खूण केली.