पहिलं पाणी मशीनला

लेथ मशीनखाली कातलेल्या लोखंडाच्या कुरळ्या साठतात. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेवढ्याच. आमच्या वर्कशॉपमधल्या किश्शांचंही तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तर त्याच्या मागोमाग चार निघतात. परवा जुन्या दोस्तांत बसलो होतो. एकानं विचारलंच, "आयुष्यभर साड्या विकल्यास, मग चाळिशी उलटल्यावर लोखंडात कसा पडलास?"

सांगतो. औरंगपुऱ्यातल्या एका साडीच्या दुकानात मी काउंटरवर होतो. नवरीच्या आईला न आवडलेला शालू तिच्याच गळ्यात मारण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मग रस्ता रुंद झाला. अर्धं दुकान रस्त्यात गेलं. उरलेल्या अर्ध्याला मालकाच्या मुलांनी कुलूप लावलं आणि जालना रोडला काचेची शोरूम टाकली. तिथं त्यांना तरणे चेहरे हवे होते.

मेहुण्याचं जालन्याला कापडाचं दुकान आहे. तो म्हणाला, "या इकडं, काउंटर तुमचाच." बायको खूश झाली, मी नाही. सासुरवाडीच्या गल्लीत मेहुण्याचा नोकर होऊन बसायचं म्हणजे उरलेलं आयुष्य "दाजी, जरा वरचा गठ्ठा काढा" ऐकण्यात जाणार. त्याऐवजी ओळखीनं चिकलठाण्याला वैद्यसाहेबांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. पंपाचे आणि गाड्यांचे सुटे भाग तिथं बनतात.

साहेबांनी विचारलं, "मशीनचा काही अनुभव?"

म्हटलं, "शिलाई मशीन. पिको-फॉल."

साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी फारुख उस्तादांना हाक मारली. उस्ताद म्हणजे तिथले सर्वांत जुने लेथवाले. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि स्वतःबद्दल भरपूर अभिमान. त्यांनी माझ्या हातात दोन लोखंडी तुकडे ठेवले. "देखना नक्को. हात लगाके बोलो, क्या फरक है."

डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. मी कापड पारखताना फिरवतो तसा अंगठा फिरवला आणि म्हणालो, "हे सिल्क आहे. हे सिल्क म्हणून विकलेलं पॉलिस्टर."

उस्ताद साहेबांकडे वळले. "रख लो. हाथ अच्छा है. बाकी सब कच्चा है."

साहेब म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. हात बसला तर कोपऱ्यातलं लेथ तुमचं. नाही बसला, तर मनाला लावून घ्यायचं नाही."

कोपऱ्यातल्या लेथचा माणूस पुण्याला गेला होता. तेव्हापासून ते ताडपत्रीखाली उभं होतं. मी रोज येता-जाता त्याच्याकडे बघायचो. दसऱ्यानंतर ते लेथ, नाहीतर जालना.

*

पहिल्याच आठवड्यात उस्ताद शटरजवळ उभे राहून फोनवर कुणाशी तरी भांडत होते. आत पाच मशिनी चालू होत्या. माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही असा गोंधळ. अचानक त्यांनी फोनवर हात ठेवला आणि ओरडले, "नामदेव, पीछे ले! टूल रोरा है."

नामदेव फुलंब्रीहून रोज येतो. आमच्यातला सगळ्यात चपळ. त्यानं टूल, म्हणजे लोखंड कापणारं पातं, मागं घेतलं आणि मला आणून दाखवलं. टोकाला केसासारखी चीर गेली होती. आणखी थोडं चाललं असतं तर तुकडा उडून कुणाच्या तरी डोळ्यात गेला असता. उस्ताद तोवर परत भांडायला लागले होते.

मी दिवसभर त्या माणसाकडे बघत राहिलो. देवळात माणूस कसा हात जोडायचं विसरून नुसता उभा राहतो, तसा.

त्या दिवसापासून मीही कान लावायला लागलो. घरी बायकोला म्हणालो, "मिक्सरचं बेअरिंग जाणार आहे. ऐक, रडतंय." तिनं मिक्सर बंद केला आणि भांड्यातून शिकेकाईचं बी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"ह्याला आधी गप्प करा," ती म्हणाली.

*

आमच्याकडे एक कडक नियम आहे. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, ज्यात धरतात त्या चकाला एक चावी असते. ती चकात विसरून मशीन चालू केलं, तर चावी गोळीसारखी सुटते. म्हणून जो चावी चकात ठेवून नुसता हात सोडेल, त्यानं सगळ्यांना गरम भजी द्यायची. लहानथोर कुणाला माफी नाही.

एकदा पुण्याच्या कंपनीचे पाहुणे आले होते. वैद्यसाहेब त्यांना मशीन दाखवताना चावी चकात ठेवून बोलायला वळले. उस्तादांनी मेन स्विच पाडला. सगळं वर्कशॉप एकदम शांत झालं.

"साहब," उस्ताद म्हणाले, "मिरची की भी लाना."

पाहुण्यांनी ते सगळं गंभीरपणे लिहून घेतलं. पुढं कळलं, त्यांनीही त्यांच्या कंपनीत भज्यांचा नियम लावला.

*

आता माझी चूक. पहिल्यांदा मला एकट्याला काम दिलं ते पंपाच्या पितळी बुशचं. बुश म्हणजे शाफ्टभोवती, फिरत्या दांड्याभोवती, बसणारी जाड बांगडीच. शाफ्ट त्यात गच्चही बसायला नको आणि खुळखुळायलाही नको. मी खूप मन लावून ढीगभर बुश केले. तपासले तर एकातही शाफ्ट जाईना. प्रत्येकात थोडं पितळ जास्तच राहिलं होतं.

उस्तादांनी विचारलं, "ये क्या किया?"

काय सांगणार? दुकानात ब्लाउजपीस फाडताना बोटभर जास्त सोडायची सवय. गिऱ्हाइकाला कमी पडायला नको. हात आपोआप राखून काम करत होता.

"ये पीतल है, साडी का पदर नहीं," उस्ताद म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव पदर पडलं. अजून तेच आहे.

मला वाटलं, झालं, आता जालना. पण उस्तादांनी बाजूची पेटी पायानं माझ्याकडे सरकवली. तिच्यात नामदेवच्या सुरुवातीच्या काळातले बुश होते. लई घाई, लई खोल काप, भोकं मोठी झालेली. सगळे भंगार.

नामदेव मान खाली घालून म्हणाला, "तण काढल्यासारखं ओढलं मी. पाळामुळासकट."

"तेरा फिर से चढ़ता मशीन पे," उस्ताद मला म्हणाले. "इसका नहीं चढ़ता. डरनेवाला सीखता है, पदर. पण जरा कम डर."

*

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. शहर मात्र वाढतच होतं. आमच्या समोरच्या मोकळ्या रानात बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दारात टँकरची रांग लागली. आमच्याकडे दोन-दोन दिवस नळ कोरडा.

लेथवर टूल गार ठेवायला दुधासारखं कूलंट सोडतात. त्यात तेल थोडं, पाणी जास्त. टाकीतलं पाणी उडून जातं, ते रोज भरावं लागतं. मग ठरलं, प्रत्येकानं घरून बाटली आणायची आणि आल्या आल्या त्यातली अर्धी टाकीत ओतायची. उरलेल्या अर्ध्यात दिवस काढायचा.

नामदेव एकदा आधी घोट घ्यायला गेला. उन्हातून आलेला, ओठ फुटलेले. उस्तादांनी बाटली धरली. "पहला पानी मशीन कू. ये चली तो तू पिएगा."

नामदेवला राग आला असेल असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "व्हय. माझा बापबी बैलाला पाजूनच प्यायचा." आणि त्यानं बाटली टाकीत रिकामी केली.

ही गोष्ट वैद्यसाहेबांच्या आईंच्या, माईंच्या कानावर गेली. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायचं काम होतं. माई एके सकाळी रिक्षानं आल्या, हातात देवघरातला तांब्याचा कलश. "अभिषेकाचं तीर्थ आहे. कामाचं असेल तर घ्या."

उस्तादांनी दोन्ही हात पुढे करून कलश घेतला आणि नामदेवच्या टाकीत ओतला. त्या दिवसापासून नामदेव मशीनसमोर बूट काढून उभा राहायला लागला. सेफ्टी शूज घाल, असं सांगता सांगता साहेबांनी शेवटी त्याला हात जोडले.

*

शेवटी खंडेनवमी आली, दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा. सकाळी सगळ्या मशिनी रॉकेलनं पुसल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. आमच्याकडची रीत अशी की ज्याचं मशीन, नारळ त्यानंच फोडायचा. आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या मशीनवर काप घ्यायचा नाही. ही रीत सगळ्यांत कडक पाळतात ते उस्ताद. एकदा साहेबांनी अर्जंट काम आहे म्हणून विनवलं होतं, तर उस्ताद डबा घेऊन घरी निघून गेले होते.

सगळ्यांचे नारळ फुटले. मी कोपऱ्यातलं लेथ ताडपत्रीखाली हात घालून पुसून ठेवलं होतं. त्याच्यापाशी एक नारळही ठेवला होता. साहेब म्हणाले, "उस्ताद सांगतील." उस्ताद माझ्याकडे बघतच नव्हते. मी मनात जालन्याची एसटी धरली होती.

तेवढ्यात एक माणूस आत आला. धुळीनं पांढरा झालेला, हातात पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट आणि झिजून कागद झालेला बुश. गंगापूरच्या पुढच्या गावाहून आला होता, नाव शेषराव.

"गावाच्या विहिरीचा पंप हाय," तो म्हणाला. "तेवढ्या एका विहिरीला पाणी उरलंय, अन् पंपच बसला. बाया सकाळपासून घागरी मांडून बसल्यात. वाळूजपासून समदी शटरं वाजवली. आज कुणी मशीनला हात लावंना."

नामदेवनं त्याच्या हार घातलेल्या मशीनकडे पाहिलं. उस्तादांनी स्वतःच्या मशीनकडे पाहिलं.

मग म्हणाले, "पदर, ताडपत्री निकाल."

पूजा न झालेलं मशीन तेवढं एकच होतं. मी पितळेचा तुकडा चकात बांधला. उस्तादांनी स्टूल ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी काय करतोय ते एकदाही वळून पाहिलं नाही. मधे एकदाच म्हणाले, "टूल बदल." मी थांबवून पाहिलं, टोक गेलं होतं.

शेवटचा काप घेताना मी नेहमीसारखं राखलं. मग त्यातलं थोडं काढलं. मग आणखी थोडं. शाफ्ट घालून पाहिला. अडकला. पुन्हा अगदी पुसल्यासारखा काप घेतला. शाफ्ट आपल्या वजनानं सावकाश आत उतरला. साड्यांच्या घडीतून सोन्याचा काठ निघावा तसं ते पितळ चमकत होतं, आणि ते मी केलं होतं.

उस्ताद उठले. डोळे मिटून बुशच्या आत अंगठा फिरवला, पोत्यात गुंडाळून शेषरावांना दिला. "चालू हुआ तो फोन करना." मला एक शब्द नाही. साहेबांनी नारळ उचलला, तर उस्ताद म्हणाले, "अभी नक्को."

दुपार गेली. सगळ्यांचा प्रसाद खाऊन झाला. उन्हं उतरायच्या सुमारास उस्तादांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. शेषराव काय सांगत होते ते कळतच नव्हतं. पंपाची घरघर, बायांचा गलका, घागरींचा आवाज.

"उसकू बोल चूप बैठ," उस्ताद म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. त्यांनी फोन कानाशी नेला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे. किती वेळ गेला, सांगता येत नाही. तिकडं पंप चालत होता आणि इकडं उस्ताद ऐकत होते.

मग त्यांनी फोन खिशात ठेवला.

"नारळ उठा, पदर."

मी लेथच्या पायाशी नारळ फोडला. नामदेव वाटी घेऊन धावला आणि पाणी त्यानं थेंबभरही सांडू दिलं नाही. दोन दिवस नळ आला नव्हता, सगळ्यांचे घसे कोरडे. त्यानं वाटी माझ्यापुढं धरली. "घ्या, पदर. आज तुमचा मान."

मी वाटी ओठाला लावणार, एवढ्यात उस्तादांनी ती हातातून काढून घेतली. माझ्या लेथच्या टाकीवरची जाळी उचलली आणि सगळं पाणी आत ओतलं.

मग रिकामी वाटी माझ्या हातात दिली.