ज्ञानूनं वळलेलं चऱ्हाट

आमच्या ज्ञानूसारखा दोर वळणारा साऱ्या खटाव तालुक्यात हुडकून दावा. वडूजच्या बाजारात लोक नायलॉनचा दोर बाजूला सारून ज्ञानूचं चऱ्हाट मागायची. बांधावरचा घायपात कापायचा, पाण्यात कुजवायचा, बडवून त्याचा वाख काढायचा आन मांडीवर वळायचा. आठवी नापास पोरगं, पर पीळ असा की वढून वढून बैल दमंल. तीन भावंडं ही. थोरला भाऊसो, मधली अंजना आन शेंडेफळ ज्ञानू. आईमागं दोघांना भाऊसोनंच वाढवलं, हे गावात कुणीबी सांगंल. पर ही गोष्ट अंजनाची हाय.

अंजना शिराळ्याकडं दिलेली. दर नागपंचमीला ज्ञानू तिला साडी-बांगड्या घिऊन जायचा. कोरोना आला, बाजार बंद पडला आन फलटणच्या हाटेलातलं त्याचं कामबी गेलं. खिसा रिकामा. तवा त्यानं बहिणीसाठी झोक्याचं चऱ्हाट वळलं. तिचं हात सोलू न्हाईत म्हणून धरायच्या जागी मेलेल्या आईच्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. फटफटी आडरानानं घातली आन तिच्या गावच्या शिवंवर पोचला. गावानं वाटंवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. परगावच्या माणसाला आत येऊ देत न्हवती.

काट्यांच्या पल्याड ज्ञानू, अल्याड अंजना.

"ह्या साली साडी न्हाई गं आक्के."

"मग काय आणलंस, नुसतं तोंड?"

"दोर आणलाय. सासू लयच बोलली तर तिला बांधून घाल."

अंजना पदर तोंडाला लावून हसली. त्यानं चऱ्हाट काट्यांवरनं फेकलं. शिवंवरच्याच लिंबाला तिनं झोका बांधला. "बसून दाव," ज्ञानू म्हणला. ती बसली. झोका वर गेला की काट्यांपल्याडचा ज्ञानू दिसायचा, खाली आला की दिसायचा न्हाई.

फुडच्या उन्हाळ्यात ज्ञानू गेला. साताऱ्याच्या दवाखान्यातनं परस्पर नेला, परस्पर जाळला. तोंड कुणालाच दावलं न्हाई.

तवापासनं पंचमी आली की अंजना त्या लिंबाला त्योच झोका फळी घालून बांधायची, आन त्यावर कुणाला बसू द्यायची न्हाई. रिकामा दोर कसा, सैल लोंबतो. ह्यो तसा लोंबायचा न्हाई. कुणी बसल्यावर ताणतो तसा ताणलेला असायचा. पान हलत नसलं तरी फांदी करकरायची. पाणी आणणाऱ्या बाया तेवढी वाट सोडून दुसरीकडनं जायच्या. अंजना मात्र भाकरी खाल्ल्यावर तिथं जाऊन उभी राहायची आन हळूहळू बोलायची. काय बोलायची ते तिलाच ठावं.

पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास करत्यात. अंजनानं ज्ञानूचा उपास सोडला न्हाई. भाऊसो साडी घिऊन आला की ह्यावरनं दरसाल वाजायचं.

"उपास जित्या भावाचा करत्यात, अंजना. मी काय मेलोय व्हय?"

"आवं दादा, तुमचाबी त्योच की."

"एका उपासात दोन भाऊ?"

"भूक एकच लागती."

"तू धरून ठिवलंयस त्याला. जाऊ दी की आता."



औंदा शिवांजली, अंजनाची लेक, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आली. पहिल्या पंचमीचा झोका म्हंजे पोरीचा मान. गल्लीत दुसरं झोकं हुतं, पर पोरगी मामावर गेलेली, हट्टी.

"मी ज्ञानूमामाच्या झोक्यावर बसणार."

"त्यो मोकळा न्हाई," अंजना म्हणली.

"आता सासरी जाऊन काय सांगू? आईनं झोका दिला न्हाई म्हणून?"

अंजनाची सासू हरणाबाई उंबऱ्यातनं म्हणली, "नातीला जागा न्हाई, भुताला हाय."

भाऊसो उठला. "दोराची काळजी करू नगा. आमच्या घरचा दोर हाय, तुटणार न्हाई. पयला मी बसून दावतो."

"तुमी न्हाई, दादा."

दोराची काळजी अंजनाला न्हवतीच. पोरगी बसली तर ज्ञानूला उठावं लागंल, आन उठला तर त्यो जाईल कुठं, ह्यो तिचा घोर. तोंड बघितलं न्हाई, राख बघितली न्हाई. त्याला टेकायला एवढीच जागा हुती. आन न्हाई म्हणावं तर पोटची पोर पहिल्या पंचमीची रडत माघारी जाणार.

ती लिंबाखाली गेली. मागनं शिवांजली, तिच्या मागं भाऊसो. वारा पडलेला. दोर ताणलेला. अंजनानं आईच्या चिंधीवर हात ठिवला. चिंधी कोमट लागली, आत्ताच कुणी हात काढून घेतल्यावानी.

"ज्ञानू," ती म्हणली, "जरा सरक. पोरगी हाय."

शिवांजली पदर खोचून बसली. बसताना मधोमध बसली न्हाई. का ते तिचं तिलाबी कळलं न्हाई, एका अंगाला जागा सोडून बसली.

अंजनानं मागनं ढकललं. झोका हलंना. तिनं दोन्ही हात लावलं, पाय रोवलं.

"हो बाजूला," भाऊसो म्हणला. साखरंची पोती एकट्यानं ट्रकात चढवणारा गडी. त्यानं फळीला हात लावला आन त्याच्या हाताला वजन कळलं. एकट्या पोरीचं वजन न्हवतं ते.

त्यानं सरकून अंजनाला फळीशी जागा दिली. अंजनानं त्याच्याकडं बघितलं न्हाई. दोघांनी मिळून जोर लावला, तवा कुठं झोका वर गेला.