भाऊंच्या ध्यानातले पासवर्ड

"तिकडे पाहा जरा," असं म्हणून भाऊ खांद्यावरचा दुपट्टा काढायचे, कीबोर्डवर पसरायचे आणि त्याखाली दोन्ही हात घालून पासवर्ड टाकायचे. गंमत म्हणजे पासवर्ड समोर बसलेल्या माणसाचाच असायचा. तो बिचारा आपल्याच पासवर्डाकडे पाठ करून बाहेर एसटी स्टँडकडे बघत बसायचा. हातावर दुपट्टा, नजर पडद्यावर, आणि तरी भाऊंचं बोट चुकल्याचं मला आठवत नाही.

कोणी धीर करून म्हणालंच, की भाऊ, माझा पासवर्ड निदान मला तरी सांगून ठेवा, तर ते हसायचे. "ध्यानात हाय नं माह्या. तुम्ही काऊन टेन्शन घेता?"

तुमच्याही तालुक्याला ऑनलाइन कामांचं असं एखादं दुकान असेल. आमच्या कुरखेड्यात ते भाऊंचं होतं. एक खोली, एक कॉम्प्युटर, थापट मारल्याशिवाय कागद न ओढणारा प्रिंटर आणि बाहेर एक बाकडं. सातबारा, जातीचा दाखला, धानविक्रीची नोंदणी, पोरांच्या परीक्षा, सगळं तिथेच. मी गावातल्या कॉलेजात ग्रंथपाल. पोरींच्या फॉर्मपायी माझं तिथे रोजचं जाणं-येणं. मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढले, लहानपणापासून कॉम्प्युटर पाहिलेला, तेव्हा या बाबतीत आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं, लपवत नाही.

एवढे पासवर्ड भाऊंच्या ध्यानात राहायचे कसे, तर त्यांची एक पद्धत होती. भाऊ गोंड समाजातले. त्यांच्यात प्रत्येक घराण्याचे देव मोजलेले असतात. कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारख्या देवांच्या घरात सोयरीक होत नाही, त्यामुळे कोणाचे देव किती हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. भाऊ घराण्याच्या देवांचा आकडा घ्यायचे, त्याला अंगणातल्या झाडाचं नाव जोडायचे, पुढे नेहमीचं एक चिन्ह, आणि झाला पासवर्ड. ज्यांच्यात देवांची अशी मोजणी नाही त्यांना ते धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, किती ते विचारायचे. माणूस दारात दिसला की त्याचं घर, अंगण, झाड भाऊंच्या डोळ्यांसमोर यायचं आणि त्याबरोबर पासवर्डही. पंचक्रोशीतल्या प्रत्येक अंगणात ते कधी ना कधी जेवून आलेले होते.

मला हे पटायचं नाही. मी म्हणायची, भाऊ, ब्राउझर विचारतो ना, पासवर्ड जतन करू का म्हणून? हो म्हणा आणि मोकळे व्हा. त्यावर ते मान हलवायचे आणि 'कधीच नाही' वर क्लिक करायचे. त्या क्लिकमागे एक घटना होती. ती त्यांनी मला फार उशिरा सांगितली.

आधी भाऊही ब्राउझरला हो म्हणायचे. एकदा एक बाप मुलाचा पोलीस भरतीचा फॉर्म भरायला आला. भाऊंनी नावाच्या रकान्यात क्लिक केलं आणि ब्राउझरने आपल्याजवळ साठवलेली नावं खाली उघडून दाखवली. त्यात त्या माणसाच्या मुलीचं नाव होतं. तिने घरी न सांगता भरतीचा फॉर्म भरला होता. पहाटे उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर धावायची, घरी सांगायची मोहफुलं वेचायला जाते म्हणून. बापाला वाचता येत होतं. तो मुलाचा फॉर्म न भरताच उठून गेला. पुढच्या हंगामात त्या मुलीचं लग्न झालं.

"मशीनले तोंड असते मॅडम," भाऊ म्हणाले. "माह्या डोक्याले नाई."

त्यानंतर त्यांनी ब्राउझरमधलं सगळं पुसून टाकलं आणि दुपट्टा सुरू झाला. मी मग दुसरा उपाय काढला. पासवर्ड ठेवण्याची कुलूपबंद सोय असते, त्यात सगळ्यांचे पासवर्ड राहतात आणि ती उघडायला एकच मोठा पासवर्ड लागतो. नावं खाली उघडून दिसत नाहीत, कोणाला कळत नाही. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे सगळं गाव एकाच दाराआड ठेवायचं, आणि त्या दाराची चावी हरवली तर?

मी म्हटलं, भाऊ, आत्ता तरी वेगळं काय आहे? सगळं गाव तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहे. त्यांनी चहा मागवला. वादात हरायची वेळ आली की ते चहा मागवायचे, त्यामुळे आमच्या मैत्रीत मी चहा भरपूर प्याले.

शेवटी मात्र ते तयार झाले. पोरींच्या फॉर्मची संख्या वाढली होती, एकेकीचे दोन-तीन पोर्टल, आणि हल्लीची पोर्टलं महिन्या-महिन्याला पासवर्ड बदला म्हणून मागे लागतात. भाऊंची पद्धत त्यात अडखळायला लागली होती, देव काही महिन्याला बदलत नाहीत. मी कुलूपबंद सोय त्यांच्या ब्राउझरात बसवून दिली. आता फक्त तो एक मोठा पासवर्ड ठरवायचा राहिला. सगळ्यांचे पासवर्ड चुटकीसरशी करणारा हा माणूस स्वतःच्या एका पासवर्डापाशी अडून बसला. झाडाचं नाव नको, ते सगळ्यांना माहीत. देव नको, तेही माहीत. बायकोचं नाव नको, ती रागावेल. मी रोज विचारायची, ठरला का? ते म्हणायचे, "धान घरात येऊ द्या मॅडम. मंग निवांत बसू."

धान कापणीला आलं आणि भाऊ बांधीतच पडले. लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं.

दुकानासमोर दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊन उभी राहायला लागली. कुलूप बघायची, बाकड्यावर बसायची, उठून जायची. आधी सगळे भाऊंच्या प्रकृतीचं विचारायचे आणि मग खाली मान घालून पासवर्डाचं. कोणाला वाईट म्हणू? धानाची नोंदणी थांबली होती, दाखले अडकले होते. बहुतेकांचं पुढे निभावलं, कोणी मोबाइलवर ओटीपी मागवून, कोणी तहसिलीत अर्ज देऊन. वेळ लागला, पण निभावलं. वनिताचं मात्र थांबण्यासारखं नव्हतं.

वनिता आमच्याच कॉलेजातून बारावी झालेली. कोरचीच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावची. नर्सिंगच्या पहिल्या याद्यांत तिचं नाव लागलं नव्हतं, शेवटच्या यादीत लागलं. मिळालेली जागा मंजूर आहे असं पोर्टलवर आत जाऊन कळवायचं होतं. मुदतीत नाही कळवलं तर जागा पुढच्या मुलीला. फॉर्म भाऊंनी भरलेला, पासवर्ड भाऊंच्या ध्यानात. पासवर्ड विसरला म्हणून कळवावं तर ओटीपी यायचा तिच्या भावाच्या जुन्या मोबाइलवर. तो मिरची तोडायला तेलंगणात गेला तेव्हा ते सिम हरवलं, आणि तो नंबर आता कोणा भलत्याच माणसाकडे होता. त्याला फोन केला, तो तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि ठेवून दिला. मदतीच्या नंबरवर नुसती धून वाजत राहिली.

ती माझ्याकडे ग्रंथालयात आली. मी म्हटलं, घाबरू नकोस, भाऊंची पद्धत मला ठाऊक आहे. तुमचे देव किती? सहा. अंगणात झाड? मोह. भाऊ मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत कसे लिहितात तेही मी फॉर्मांवर पाहिलेलं होतं. टाकलं. चुकलं.

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, फॉर्म भरला तवा माही सोयरीक जमली होती. सात देवाच्या घरी. भाऊ साक्षगंधाले आले होते."

लग्नानंतर बाई नवऱ्याच्या देवात जाते. पासवर्ड लग्नानंतरही चालावा म्हणून भाऊंनी तिला आधीच सात देवांत टाकलं असणार, सासरचं झाड धरून. त्यांना वाटलं असेल, पुढचा विचार केला. सोयरीक पुढे वनितानेच मोडली होती. नर्सिंगला जायचं म्हणून.

"त्या अंगणात कोणतं झाड हाय?" मी विचारलं. एवढी वर्षं इथे राहून माझ्याही तोंडात हाय बसलंय.

"मी त्या घरी गेलीच नाई मॅडम. मले काय ठाऊक."

शेवटी तिने त्याच मुलाला फोन लावला, ज्याला तिने नकार दिला होता. मी बाहेर जाऊन उभी राहिले. तो चांगला निघाला. अंगणात मुनगा, म्हणजे शेवगा, आहे म्हणाला, आणि जागा मिळाली का तेही विचारलं. सात आणि मुनगा टाकलं. तेही चुकलं. आता आणखी एकदा चुकलं की पोर्टल बंद होणार, असं लाल अक्षरांत आलं. मुदत त्याच संध्याकाळची होती. आम्ही मिळेल त्या पहिल्या एसटीने गडचिरोली गाठली.

भाऊ आता नाहीत. आमची ती शेवटची भेट.

खाटेवर ते निम्मे दिसत होते. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पायथ्याशी बसून होत्या. आम्हाला पाहताच त्यांना कळलं आम्ही कशाला आलो ते. आदल्या दिवशीही कोणीतरी येऊन गेलं होतं. त्या नुसत्या सरकून बसल्या. मला त्या क्षणी परत फिरावंसं वाटलं. पण वनिताकडे पाहिलं आणि खाटेजवळ गेले.

भाऊंनी मला ओळखलं, वनितालाही ओळखलं. डावा हात उचलून त्यांनी तिच्या डोक्याकडे नेला, तिथपर्यंत तो पोचला नाही. मी शक्य तितक्या सावकाश सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मोठे झाले, श्वास जोरात चालायला लागला. त्यांना सगळं समजत होतं असं मला वाटलं.

मी विचारलं, "भाऊ, वनिताचे देव सहा धरले होते?"

त्यांनी मान हलवली. हो.

माझ्या जिवात जीव आला. खात्री करावी म्हणून विचारलं, "सात तर नाही ना?"

त्यांनी तशीच मान हलवली. हो.

"चार?" हो. "मोह?" हो. "मुनगा?" हो. "चिंच?" हो. प्रत्येक वेळी तितक्याच मनापासून हो. घशातून आवाज काढायचा प्रयत्न करत होते, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. आयुष्यभर या माणसाने दारात आलेल्या कोणालाही नाही म्हटलं नव्हतं. आता तर त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. मी एखाद्या तपासनिसासारखी एकेका झाडाचं नाव घेत होते आणि ते घामाघूम होऊन हो म्हणत होते. मला माझाच राग यायला लागला, पण थांबावं कसं तेही सुचत नव्हतं. थांबले असते तर तिची जागा जात होती.

"राहू द्या मॅडम," वनिता म्हणाली. "त्यायले तरास होऊन राह्यला."

तिने माझ्या हातातून फोन घेतला. क्षणभर विचार केला आणि काहीतरी टाकलं. काय टाकलं ते मी विचारलं नाही, आजपर्यंत विचारलेलं नाही. पडदा लाल झाला आणि पोर्टलने दार लावून घेतलं. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते, मला दिसलं.

भाऊ तिच्या तोंडाकडे पाहत होते. पापणीही लवत नव्हती.

वनिताने फोन ओढणीआड केला आणि वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "खुललं भाऊ. तुमच्या ध्यानातलं बरोबर निघालं. जागा भेटली मले."

भाऊंचा अर्धा चेहरा हसला. श्वास हळूहळू खाली आला, डावा हात चादरीवर सैल पडला. वनिताने त्यांची लाळ पुसली, मानेखालची उशी नीट केली आणि वहिनींना दाखवलं की त्यांना डाव्या कुशीवर कसं वळवायचं, उजवा हात मागे लोंबकळू न देता. हे तिला कोणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. भाऊ झोपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. समोरून नर्सिंगच्या शिकाऊ मुली औषधांचे ट्रे घेऊन ओळीने येत होत्या, वनिताच्याच वयाच्या. व्हरांडा अरुंद होता. आम्ही भिंतीला टेकून त्यांना वाट करून दिली.