बीमला टांगलेला डबा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मी जेवणावरून उठतो.

तेव्हा मी कडोदरा गावाजवळच्या हायवेवरच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सचिन गावाकडून आलेला एक टेम्पो सकाळी उलटला. ड्रायव्हर बेशुद्ध. पंचनामा केला, क्रेन लावून रस्ता मोकळा केला. आमच्या लेखी विषय संपला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी माल पाठवणाऱ्या कंपनीचा फोन आला. टेम्पोत पाइपांचे जोड तपासायचं डब्यासारखं यंत्र होतं आणि त्याच्या आत किरणोत्सर्गी गोळी. "आत्ता सांगताय होय?" मी असा ओरडलो की ठाणे अंमलदार दचकून उभाच राहिला.

कंट्रोल रूमला कळवलं, दोर बांधून वाहतूक वळवली. किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन तज्ज्ञ आले. मीटर गप्पच, म्हणजे डबा तिथं नव्हता. तज्ज्ञ म्हणाले, "आपटून डब्याचं कुलूप तुटलं असेल आणि गोळी त्याच्या तोंडाशी आली असेल, तर जवळ बसणाऱ्याचं काही खरं नाही."

नाक्यावरचा चहावाला माझा जुना खबरी. तो हळूच म्हणाला, "साहेब, जिस भाऊने ड्राइवर को बाहर निकाला, वही एक डिब्बा ले गया."

आमच्या भागात भाऊ म्हणजे मराठी माणूस; हा लिंबायत वस्तीतला खानदेशी, लूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर. त्याला ठाण्यात आणलं. "मी काही चोरेल नही साहेब," एवढंच तो घोकत राहिला. माझं आजोळ धुळ्याकडचं, त्यामुळे बोली कळत होती. मी म्हणालो, "खरं सांग, तुझ्यावर केस होणार नाही." आम्ही पोलिसांनी हे वाक्य इतक्या जणांना खोटं सांगितलंय की त्यानं ते का खरं मानावं? डबा घातक आहे म्हणून मी समजावलं, दरडावलं, हात जोडले. माणूस हलेना.

चहा आला. त्याला ग्लास धरता येईना. तळवा लालभडक झाला होता.

"भाजला का रे?"

"नही साहेब. गरम काही धरेल नही."

"त्या डब्यानंच तुझा हात असा केलाय. अरे बाबा, तो डबा आता कुणाजवळ आहे?"

तो खुर्ची पाडून उठला. "मना भाऊ शे तठे!" त्याचा सख्खा भाऊ तिथं होता.

जीपमध्ये त्यानं सगळं सांगितलं. डबा रस्त्यात पडला होता. त्यावरचं किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं चिन्ह बघून त्याला वाटलं, पंख्याच्या कंपनीचा असेल. चांगला जड, वर कडी. ताण्याचे उभे धागे घट्ट राहावेत म्हणून बीमला, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाला, वजन टांगतात. एका मागाचं वजन हरवलं होतं, तिथं त्यानं डबा अडकवला. त्या मागावर त्याचा धाकटा भाऊ काम करत होता.

कारखान्याच्या दारातच मीटर किंचाळलं. तज्ज्ञांनी आम्हाला तिथंच रोखलं. धाकटा बीमपाशी बसून तुटलेले धागे सांधत होता, डबा मांडीला टेकलेला. आम्ही बोंबललो, पण लूमच्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार? शेवटी मेन स्विच पाडला. सगळे माग थांबले. त्यानं वर पाहिलं आणि हसून विचारलं, "लाइट गयी का भाऊ?"

आधी धाकट्याचा पाय कापला. मग तोही गेला. थोरल्याची बोटं गेली.

कंपनीवर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल केला. तारखा पडताहेत. थोरल्यावर केस केली नाही, शब्द पाळला. लोक आम्हाला घाबरतात याचा मला नोकरीभर अभिमान होता. त्या भीतीपायी एक सख्खा भाऊ तोंड मिटून बसला आणि तिकडे दुसरा मरत होता. काय चाटायचाय तो दरारा?

तेराव्यानंतर थोरला ठाण्यात आला. "मले आत टाका साहेब. मीच मारं त्याले." मी सांगितलं, तुझ्यावर लावायला माझ्याकडे कलम नाही. तो बाकावर बसून राहिला. संध्याकाळी हवालदारानं त्याला रिक्षात बसवून घरी धाडलं.

सकाळी मी आलो, तर तो पुन्हा त्याच बाकावर होता.